पदरातला शिरपेच

सोनईच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूमबाहेरच्या नळावर एक उंच, काटकुळे गृहस्थ पृथ्वीगोल धूत होते. जूनचा उकाडा, अंगात बंद गळ्याचा कोट, बाह्या कोपरापर्यंत वर आणि हातात कपड्याचा साबण. मी नमस्कार केला. त्यांनी वर न बघता विचारलं, "मराठी की गणित?" मी म्हटलं, मराठी. "बरं झालं. गणिताचे आत फार झालेत," असं म्हणून त्यांनी गोल फिरवला, ब्रश मारला आणि अख्खी आफ्रिका त्यांच्या हातात आली. ती त्यांनी अलगद झटकली, दोरीवर चिमटा लावून वाळत घातली आणि मला म्हणाले, "चिकटवता येईल." चिकटवली त्यांनी, पण जरा वाकडी. माझ्या पुढच्या नऊ वर्षांत आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला मादागास्कर दिसलं नाही.

हे आमचे इतिहासाचे सर. गाव त्यांना 'सरदार सर' म्हणायचं. निम्मा आदर, निम्मी चेष्टा. दोन्ही त्यांना पोचायचं आणि दोन्हीकडे ते सारखंच दुर्लक्ष करायचे.

ते वर्गात फळ्यापाशी कधी उभे राहायचे नाहीत. मुलांच्या मागे, शेवटच्या बाकाच्याही पलीकडे उभं राहून शिकवायचे. पाहुणे अधिकारी आले की गोंधळायचे, त्यांना आधी रिकामं टेबल दिसायचं. एकाने कारण विचारलं तर सर म्हणाले, "इतिहास माणसाच्या पाठीमागेच असतो, साहेब. समोर उभं राहून सांगितला की पोरांना खोटा वाटतो." साहेबांनी शेरा काय लिहावा याचा बराच विचार केला आणि शेवटी 'स्वच्छता उत्तम' असं लिहून गेले.

स्वच्छता उत्तम होतीच. सर काहीही धुवायचे. सुटे पैसे खिशात टाकण्याआधी धुवायचे. बाजारातून आणलेले कांदे धुवायचे. घोडेगावच्या बाजारातला एक शेतकरी त्यांना म्हणाला होता, "सर, कांदा धुतल्याला टिकत न्हाई वो, सडतोय." सर म्हणाले, "सडू दे, पण स्वच्छ सडू दे." अलीकडे त्यांनी मोबाईलही धुतला. तो मेला, तेव्हा मला दुसऱ्याच्या फोनवरून कळवलं की यंत्र हलक्या प्रतीचं होतं.

मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेले. खोल्या दाखवताना त्यांनी तीन अटी सांगितल्या. नळ टपकता कामा नये. चपला भिंतीला समांतर ठेवायच्या. आणि तिसरी, "दसऱ्याला आम्ही काय करतो, कुठे जातो, हे विचारायचं नाही." पहिल्या दोन अटींनी मी घाबरले, तिसरीने मात्र माझी झोप उडवली. असं सांगून ठेवलं की माणूस दुसरा कसला विचार करणार?

सरांचं घराणं खरोखरचं सरदारांचं. मुळा धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव. जहागिरी जाऊन जमाना झाला होता, उरलेल्या जमिनींत आता ऊस होता आणि घराण्याच्या तीन शाखा झाल्या होत्या. वाटून घेता आली नाही अशी एकच वस्तू राहिली, तो हिऱ्यांचा शिरपेच. पागोट्यावर, कपाळाच्या वर बांधायचा दागिना. वीतभर सोन्याची पट्टी, मधोमध चिंचोक्याएवढा चपटा हिरा, दोन्ही अंगांना तीन-तीन लहान आणि वर मोत्यांचा तुरा. तिन्ही घरांतल्या नवरदेवांनी लग्नात तोच घातलेला. सरांचा लग्नातला फोटो बैठकीत होता. त्यात ते स्वतः फार घाबरलेले दिसतात, शिरपेच मात्र झकास दिसतो.

हा शिरपेच तीन घरांत वर्षाच्या बोलीने फिरायचा. या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत एका घरी, मग दुसऱ्या. दसऱ्याला थोरल्या घरी सगळे जमायचे. ज्या घराचं वर्ष संपलं त्या घरची सून डबी उघडायची, शिरपेच सगळ्यांना दाखवायची आणि पुढच्या घरच्या सुनेच्या पदरात घालायची. पुरुषांनी मधे हात लावायचा नाही अशी रीत. मिरवायचा पुरुषांनी आणि सांभाळायचा बायकांनी. असल्या रिती कोण पाडतं आणि का पाडतं हे मी काही वेगळं सांगायला नको.

शिरपेच आला कुठून, याच्या तिन्ही घरांत तीन कथा. थोरल्या घरी तो निजामशाहीतल्या कुठल्याशा लढाईचं बक्षीस होता. मधल्या घरी पेशवाईत भर दरबारात मिळालेला मान होता. सरांचं संशोधन वेगळं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी हौसेने विचारलं, "सर, आपल्या घराण्याचा तो पराक्रमाचा शिरपेच..." सर उठले आणि माईकवर म्हणाले, "पराक्रम काही नाही. विकत घेतलाय." मग सविस्तर सांगितलं. पूर्वजांना दरबारचं बोलावणं आलं. सगळे सरदार शिरपेच लावून येणार, यांच्याकडे नाही. लाजेकाजेस्तव सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला आणि दरबारात शेवटच्या रांगेत बसून परत आले. "मोडीत कागद आहे. त्यात बायको काय म्हणाली तेही आहे. वाचून दाखवू?" पाहुणे नको म्हणाले. थोरल्या घरचे लोक त्यानंतर चार महिने सरांशी बोलत नव्हते.

मला ही कथा फार आवडायची. सरांकडे एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात शिरपेचाविषयीचे झाडून सगळे कागद, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागद धुता येत नाहीत ही सरांची खंत होती. या कागदांवरून त्यांनी शिरपेचाचा इतिहास एका जाड वहीत लिहायला घेतला होता. कुणाच्या लग्नात कुणी घातला, कुठल्या दुष्काळात गहाण पडता पडता कसा वाचला, मोती कधी गाठवले. अक्षर सुरेख. पण वही एका ठिकाणी थांबली होती. मी रुजू होण्याच्या तेरा वर्षं आधीच्या दसऱ्याला. पुढची पानं कोरी.

मी विचारलं, "सर, पुढचं?"

"पुढचा पुरावा उपलब्ध नाही," सर म्हणाले आणि ट्रंकेचं झाकण लावून हात धुवायला गेले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बेलापूरच्या शेतकऱ्याची लेक, बुटक्या, गोऱ्या, चालायला चपळ. घराण्यातल्या इतर सुना मोठ्या घरांतून आलेल्या, या साध्या घरातून. त्या मला 'पोरी' म्हणायच्या आणि सरांसमोर मुद्दाम 'बाई' म्हणायच्या. मी तिथे गेल्यावर तिसऱ्या वर्षी, ऐन दसऱ्याला, सर एकटेच गावी गेले होते. काकू माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. विचारायचं नाही ही अट मी पाळली. त्यांनीच आपणहून सुरुवात केली.

"त्या साली शिरपेच माज्या पदरात हुता," त्या म्हणाल्या. "साल सरलं, आमी गावाला गेलो. मी डबी उघडली. आन् पोरी, खडं समदं काळंमिच्च. राखंवानी. सादा उजेड न्हाई. सगळी बगत ऱ्हायली. थोरल्या जाऊबाई म्हनल्या, ह्यो आपला न्हवंच. खडं बदललं कुनीतरी. आन् माज्याकडं बगून म्हनल्या, औंदा माहेरी लई दिस ऱ्हायलीस न्हाई का?"

ते खरं होतं. त्या वर्षी काकूंचं नगरला पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, जिवावरचं दुखणं. तिथून त्या थेट बेलापूरला भावाकडे गेल्या आणि तीन महिने राहिल्या. त्याच वर्षी भावाने नवी विहीर पाडली होती. एवढं पुरलं लोकांना. गावातल्या सोनाराने शिरपेच हातात धरून पाहिला. त्याचा जन्म मणी-डोरली करण्यात गेलेला. म्हणाला, हिऱ्याला काळोखी येत न्हाई, ही काच हाय. झालं, निकाल लागला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हननार?" काकू शेंगा फोडत राहिल्या. "काय बी न्हाई म्हनलं."

त्यांनी नाही म्हणून सुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावला. बोलले ते एकटे सर. भर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या बायकोचं नाव घेणाऱ्याने माझ्या घरची पायरी चढायची नाही. आमचं वर्ष यापुढे तुम्हीच सांभाळा. त्यानंतर काकूंनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. सर मात्र दर दसऱ्याला जायचे. पागोटं बांधून ताठ बसायचे, पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, शिरपेच या पदरातून त्या पदरात जाताना बघायचे आणि उपाशी परत यायचे. मी एकदा त्यांना परतताना पाहिलं. एस.टी.तून उतरले आणि स्टँडवरच्या नळावर तोंड धूत राहिले, किती वेळ ते मलाही सांगता येणार नाही.

आता मला एक कबूल केलं पाहिजे. ही गोष्ट ऐकल्यावर मला सरांचा राग आला होता. 'पुरावा काय?' हा त्यांचा लाडका प्रश्न. मुलांना विचारायचे, मुख्याध्यापकांना विचारायचे, शाळेच्या शिपायाने पाऊस येणार म्हटलं तर त्यालाही विचारायचे. मग स्वतःच्या बायकोवर आळ आलेला असताना हा माणूस जाणकाराकडून शिरपेच तपासून का घेत नाही? मी तोंडावरच विचारलं. सर म्हणाले, "तपासणी मागणं म्हणजे माझ्या घरावर शंका घेणं." आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या आठ दिवसांत त्यांनी माझ्या चपला दोनदा धुतल्या.

बाकीच्या दोन घरांनाही तपासणी नकोच होती. काच निघाली असती तर अब्रू तिन्ही घरांची गेली असती. त्यापेक्षा बेलापूरच्या सुनेविषयी कुजबुजत राहणं सोपं. पण सरांचं कारण ते नव्हतं, हे मला हळूहळू उमगलं. सर भीत होते. ते काकूंच्या बाजूने साऱ्या जगाशी भांडत होते आणि आत कुठेतरी त्यांनाही वाटत होतं की ते खरं असेल. वही कोरी राहिली होती ती त्यामुळे. मला हे समजलं तेव्हा माझा राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

तपासणी झाली ती थोरल्या घरच्या नातवामुळे. पोरगा पुण्यात इंजिनिअर, लग्न ठरलेलं, आणि त्याच्या वागण्यात घराण्याचं काहीच नाही, ही मोठीच चांगली गोष्ट. त्याने सरळ फोन केला. "आजोबा, लग्नात मी शिरपेच घालणार आहे. खरा असेल तर खरा म्हणून, खोटा असेल तर खोटा म्हणून. पण आधी मला माहीत पाहिजे. नगरला जडावाचं काम करणारे एक जुने कारागीर आहेत, शनिवारी घेऊन चाललोय. तुम्ही यायला हवं." सर काहीतरी बोलायला गेले, तोवर त्याने फोन ठेवला होता.

त्या आठवड्यात सरांनी घरातल्या खिडक्यांचे गज एक एक करून धुतले. काकू शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "पोरी, उद्या तू जा ह्यांच्यासंगं. काय बी निघालं तरी ह्यांना सांबाळ. ह्यांचा हात सोडू नगंस." त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, या स्वतःसाठी घाबरल्यात. मी त्यांना धीर दिला आणि शनिवारी शाळेत रजा टाकली.

कारागिरांचं दुकान सराफ बाजाराच्या एका बोळात, जिन्याखाली. ऐंशीच्या घरातले म्हातारे, डोळ्याला भिंग, खाली बसायला पोतं. नातवाने डबी पुढे केली. सर माझ्या शेजारी उभे होते, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी त्यांचा हात धरला. नऊ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावला, आणि त्यांना तो नंतर धुवावासाही वाटला नाही, यावरून काय ते समजा.

म्हाताऱ्यांनी शिरपेच उलटा केला, सुलटा केला, भिंगातून पाहिला. मग भिंग वर सरकवून त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि चांगल्याच रागाने विचारलं, "ह्याला पानी कुनी घातलं?"

नातू माझ्याकडे बघायला लागला.

"अवो, हा बंद कोंदनाचा माल हाय," ते म्हणाले. "जुना हिरा चपटा असतो. त्याच्या पाठीला आमी चांदीचा वर्खावानी पातळ पत्रा घालतो आन् वरनं सोन्यानं घर बंद करतो. उजेड त्या चांदीचा. ह्यात पानी गेलं की चांदी काळी पडती. मंग वरनं बगनाऱ्याला वाटतं हिरा मेला. हिरा कशानं मरतोय? त्याच्या खोलीत अंधार झालाय."

नातवाने विचारलं, "म्हणजे हे खडे..."

"एक काढून दावतो." त्यांनी टोकदार सळईने एका लहान खड्याच्या कडेचं सोनं उचललं, खडा बाहेर काढला, खालून पत्र्याचा काळा चुरा झटकला. खडा पांढऱ्या कापडावर पुसून त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवला. पाण्याइतका नितळ होता. बोळात ऊन फारसं नव्हतं, तरी तो हातावर लखकन हलला. "घराण्याचाच हाय. असला पैलू आता कुनी पाडत न्हाई. सातीच्या साती खरं हायती. मला सांगा, धुतला कुनी?"

सर बोळाकडे बघत होते. मग घसा खाकरून, वर्गात हजेरी घेतल्यासारखे म्हणाले, "मी."

"कशानं?"

"रिठ्याच्या पाण्याने. जुन्या दातांच्या ब्रशने. दर रविवारी. मग गच्चीवर वाळवायचो." सरांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. "थोरल्यांच्या घरचं तेल-कुंकू लागलेलं होतं त्याला. मला बघवत नव्हतं."

"दर रईवारी?" म्हातारे आ वासून बघत राहिले. "त्यो काय शाळंचा गनवेस हाय व्हय?"

मी तोंडाला पदर लावला. नातू सरळ हसत सुटला. सरांनी बायको आजारी पडेपर्यंत चार-पाच महिने शिरपेच धुतला, मग कपाटात ठेवून दिला, आणि बंद कपाटात ती चांदी सावकाश काळी होत गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. घासणं-धुणं त्यांच्या लेखी केल्यात जमाच नव्हतं, आणि रोज ते बघणाऱ्या काकूंच्याही लेखी.

परतीच्या वाटेवर नातवाने रसवंतीपाशी गाडी थांबवली. सर उसाचा रस तीन ग्लास प्यायले, तेही तिथल्या ग्लासातून, न धुता. चौथा हातात घेतला आणि रडायला लागले. मोठ्याने, मान खाली घालून, रस्त्याच्या कडेला. "सुटलो," म्हणाले. "बाई, सुटलो मी." नातू बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "तिला तुम्ही सांगा. मला जमायचं नाही."

पुढच्या दसऱ्याची हकिगत छोटी आहे. कारागिरांनी सगळे पत्रे बदलून दिले होते, शिरपेच पुन्हा झळकत होता. नातवाचं लग्न झालं होतं. काकू इतक्या वर्षांनी गावी गेल्या आणि मला बरोबर नेलं. थोरल्या जाऊबाई आता फार थकल्या होत्या, त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी सगळ्यांदेखत काकूंचे हात धरले. म्हणाल्या, "मी चुकले गं. वाईट बोलले. तू मोठ्या मनाची, गप ऱ्हायलीस." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, जाऊबाई. तुमाला बी दिसत तसंच हुतं." मग त्यांनी पदर पसरला. वर्ष सरांच्या घराचं होतं. शिरपेच पदरात पडल्यावर काकूंनी डबी बंद केली आणि किल्ली कमरेला खोचली. सर जवळ येऊन म्हणाले, "नुसता कोरड्या फडक्याने पुसला तर?" काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. सर मागे जाऊन बसले.

लोक हा दसरा अजून सांगतात. पण मला जी आठवण पुन्हा पुन्हा येते ती नगरहून परतलो त्या संध्याकाळची.

नातू आम्हाला दारात सोडून गेला. सर बाहेरच बूट काढत बसले, एका बुटाची नाडी सोडायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी आत गेले. काकू स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. मला पाहिल्यावर हात थांबले, पण विचारलं काही नाही.

मी म्हटलं, "काकू, हिरे खरे आहेत. कुणीही बदललेले नाहीत. आतली चांदी पाण्याने काळी पडली होती. सरांनी धुतला होता शिरपेच."

"समदं खरं हायती?"

"सगळे."

"मोटा बी?"

"मोठा पण."

काकूंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता या रडतील. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे एकटक बघत म्हणाल्या, "मंग ह्यांनी इकलं न्हाईत?"

मला काही समजेना. "कुणी?"

"ह्यांनी."

सर दारात येऊन उभे होते, एक बूट पायात, एक हातात. "मी?" त्यांचा आवाज चिरकला. "मी विकले?"

"मंग माज्या आपरेशनाला पैसं कुठनं आनलं तुमी?"

"फंडातून काढले!"

"मला कवा सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?"

"कसं इचारू?" काकू उभ्या राहिल्या. "मी बेलापूरला हातरुनात. एवढा मोटा दवाखाना. गावाला जाऊन डबी उघडती तर खडं काळं. मी म्हनलं, मानसानं माज्यासाठी घराण्याचा शिरपेच मोडला. आन् मी त्यालाच इचारायचं व्हय, कुठनं आनलं म्हनून? म्हनलं, घिऊ द्या माजं नाव. जीव तर माजाच वाचला हुता."

सर उंबऱ्यावर खाली बसले. बूट हातातच होता. मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही.

मग काकूंनी विचारलं, "आन् तुमी? तुमी का न्हाई इचारलं मला कवा?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी मला मनापासून वाटलं की त्यांनी बोलावं. पण भर संमेलनात 'विकत घेतलाय' म्हणून सांगणारा माणूस तो. म्हणाले, "मला वाटलं, तू बेलापूरला नेलास. तुझ्या भावाची विहीर..."

बाहेर सायकलवरून कुणीतरी गेलं.

"बावीस वर्सं?" काकूंनी विचारलं.

"बावीस."

"आन् तसं वाटत असून समद्यांशी भांडलात?"

"मग काय करणार होतो?" सर खाली बघत म्हणाले. "माझ्या घरचं माणूस तू."

काकू त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी तुमाला माफ करत ऱ्हायले आन् तुमी मला. आन् केलं तर कुनीच काय न्हवतं." आणि अगदी हळू, सरांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, "मी तर लई मनापासनं केलं हुतं वो माफ."

"मीही," सर म्हणाले.

मी मागच्या दाराने माझ्या खोलीत आले आणि चहाचं आधण ठेवलं. त्या घरात मी नऊ वर्षं राहिले, पण भिंतीपलीकडून मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दोघं एकमेकांशी फार जपून बोलायची. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. त्या संध्याकाळी मात्र आधी काकूंचा आवाज चढला, मग सरांचा, मग दोघांचा एकदम. भावाच्या विहिरीवरून निघालेलं भांडण फंडावर गेलं, फंडावरून रिठ्यावर आलं, रिठ्यावरून पुन्हा विहिरीवर. मला इतकं हलकं वाटत होतं की चहा उतू गेला तरी मी उठले नाही. मधेच काकू खदखदून हसायच्या आणि पुन्हा नव्याने भांडायला लागायच्या.